हस्ताचा पाऊस अवकाळी कधी झाला?

२००९ सालच्या नोव्हेंबरातले ते चार दिवस आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. अरबी समुद्रात उठलेले ‘फयान’ वादळ ११ नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. आमचे गाव तासगाव तालुक्याच्या पूर्व अंगाला, सह्याद्रीच्या बरेच अलीकडे. समुद्रातल्या वादळाचे आम्हाला काय, असे वाटण्याजोगे. तरीही पावसाची झड लागली आणि आभाळ भरून राहिले. वडिलांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्राक्षबागेची फळछाटणी घेतली होती. घड बाहेर पडून फुलोऱ्यावर आले होते. पाऊस थांबला तेव्हा पानांच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी दिसू लागली आणि पाठोपाठ घड तपकिरी पडून सुकायला लागले. वडील बागेतून आले, पाय धुतले आणि एवढेच म्हणाले, “डाऊनी आली. बाग गेली.”

त्या संध्याकाळी चुलते भेटायला आले. त्यांच्याकडे बाग नव्हती, सगळी जिरायत. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेले, “शाळूला मात्र हे पाणी...” आणि ते वाक्य त्यांनी तिथेच सोडले. आईने चहा आणला. त्यानंतर कोणी पावसाचा विषय काढला नाही.

एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकच पाऊस पडला होता. एकीकडे त्याने वर्ष बुडवले, दुसरीकडे पीक सावरले. चुलत्यांचे ते अर्धे वाक्य माझ्या मनात राहिले. पुढे या भागाच्या शेतीचा इतिहास वाचताना ते वारंवार आठवले. पावसाला आपण ‘अवकाळी’ म्हणतो तेव्हा तो कोणाच्या काळाला चुकलेला असतो? आभाळाच्या की शेताच्या?

या प्रश्नासाठी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्रच पाहायला हवेत. आजची सांगली मुळात साताऱ्यातूनच निघाली. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. तासगाव, वाळवा, खानापूर हे जुन्या साताऱ्याचे तालुके, आटपाडी औंध संस्थानातली आणि जत डफळ्यांचे संस्थान. सीमा बदलल्या तरी पावसाची उतरंड तीच राहिली. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माणातल्या दहिवडीपर्यंत यावे तर तो पाचशेच्या आसपास उरतो. आटपाडी आणि जतची तीच गत. बर्फ आमच्याकडे पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव गोठते आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात, तेवढीच आमची बर्फाची ओळख. आमच्या पूर्व भागाचे भवितव्य ठरते ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर.

जून-जुलैत नैऋत्येचे वारे सह्याद्रीवर रिते होतात आणि पूर्वेला वारा व कोरडे ढग तेवढे पोहोचतात. इथला खरा पाऊस परतीचा. मान्सून मागे फिरतो तेव्हा दुपारी उकाडा होतो, पूर्वेकडून ढग चढतात आणि संध्याकाळी विजांसह पाऊस येतो. कधी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन द्वीपकल्प ओलांडत पश्चिमेला सरकतो आणि एका रात्रीत ओढे भरतात. पंचांगाच्या भाषेत हा उत्तरा, हस्त, चित्रा आणि स्वाती या नक्षत्रांचा काळ. साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा.

या पावसाला पूर्वी केवढा मान होता, हे समजायला हादगा आठवावा. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात तो आमच्याकडे हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की भिंतीवर समोरासमोर तोंड केलेल्या दोन हत्तींचे चित्र लागायचे, त्याला फळाफुलांच्या माळा चढायच्या. मुली पाटाभोवती फेर धरायच्या, गाणी रोज वाढत जायची आणि शेवटी खिरापत ओळखायची चढाओढ. हस्त म्हणजे हात, पण लोकांनी त्याचा हत्ती केला. सोंडेने पाणी उडवणारा, गर्जत येणारा हत्ती. माझी आजी हादग्याला खेळ म्हणत नसे. ती म्हणायची, “हत्तीला पाणी मागायचं असतं.” सप्टेंबरच्या अखेरीस मुलीबाळींनी पावसाला आवतण द्यायचे, असा हा विधी आहे. ज्या पावसाला आपण आवतण देतो त्याला कोणी अवकाळी म्हणत नाही.

आवतण का, तर शाळूसाठी. पूर्व भागातल्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. पुढचे चार महिने ती बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात एवढी टिकली त्याचे कारण हेच, की ती या ओलीवर तग धरते. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, असे दुहेरी पीक. हस्त-चित्रा बरसल्या तर दोन्हींची सोय झाली. स्वातीचा पाऊस तर माणिक-मोती पिकवणारा, असे जुनी माणसे सांगत. मेंढपाळ धनगरांचे गणितही याच पावसावर. माळावर गवत उठले तर मेंढरे दिवाळीनंतरही काही दिवस गावात राहतात. नाही उठले तर कळप लवकर बाहेर पडतात.

हा पाऊस चुकला म्हणजे काय होते, ते १८७६ साली दिसले. त्या वर्षी सुरुवातीचा पाऊस जेमतेम झाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस आलाच नाही म्हटले तरी चालेल. खरीप अर्धे गेले होते, रब्बी पेरताच आली नाही. पुढे दख्खनभर जो दुष्काळ पडला त्याला आपण १८७६-७८ चा महादुष्काळ म्हणतो. म्हसवडजवळ माण नदी अडवून बांधलेला राजेवाडीचा तलाव त्या काळातल्या दुष्काळी कामांची आठवण म्हणून आजही उभा आहे. १८८५ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्यावरचा एकोणिसावा खंड निघाला. जिल्ह्यातल्या दुष्काळांचा त्यातला भाग वाचताना मला एक गोष्ट जाणवली. इथली संकटे बहुतेक न पडलेल्या पावसाची आहेत. आमच्या पूर्वजांना ऑक्टोबरात भीती होती ती कोरड्या आभाळाची. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. औंध संस्थानातल्या माणदेशावरच्या त्या कादंबरीचा शेवटही अवर्षणातच होतो. पाऊस येत नाही आणि वाडी रिकामी होत जाते.

हे चित्र उलटले कधी? माझ्या मते त्याची सुरुवात दुष्काळावरच्या उत्तरातून झाली. तासगाव तालुका त्याचे चांगले उदाहरण आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ साली याच तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर हजारो कुटुंबांचा आधार ठरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. सरकार दुष्काळाला काम देऊन उत्तर शोधत होते, त्याच काळात इथले शेतकरी दुसरे उत्तर शोधत होते. विहीर खोल करायची, तिच्यातले मोजके पाणी थोड्याच जमिनीला द्यायचे आणि त्या जमिनीत पैसा देणारे पीक घ्यायचे. ते पीक होते द्राक्ष.

द्राक्षाला पाणी मापात लागते आणि हवा कोरडी लागते. पूर्व भागात पाणी कमी होते, पण कोरडी हवा हवी तितकी होती. पिढ्यान् पिढ्या जो कोरडेपणा शाप म्हणून भोगला, तोच भांडवल म्हणून उपयोगी आला. थॉमसन सीडलेस आली, मांडव उभे राहिले. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतल्या वेगळ्या वेलीवरून ‘तास-ए-गणेश’ ही जात निवडली आणि तिच्या नावात तासगाव राज्यभर गेले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसांनी बागेत उभे राहून केलेले हे संशोधन होते. पुढे ठिबक आले, दुष्काळात तगणाऱ्या खुंटावर कलमे बांधली जाऊ लागली, बेदाण्याची शेड झाली, तासगावात बेदाण्याचे सौदे भरू लागले. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या माणसांच्या मुलांनी पक्की घरे बांधली. आमचे घर त्यांपैकीच एक.

पण द्राक्षाने शेताबरोबर पंचांगही बदलले. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते आणि वसंतात फुटते. आमच्याकडे तिला झोप नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काडी तयार करायची. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, म्हणजे घड काढायचा. फळछाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार ते साडेचार महिने. पहिल्या पंधरवड्यात पोंगा, मग पाने आणि घड, पाच-सहा आठवड्यांनी फुलोरा. सगळ्यांत नाजूक असे हे पन्नास दिवस नेमके हस्त, चित्रा आणि स्वातीवर येऊन बसले. हत्तीचे पाणी मागायच्या दिवसांत ते नको म्हणणारे पीक उभे राहिले.

ते नको का, हेही नीट पाहायला हवे. डाऊनी ही बुरशी, हिला केवडाही म्हणतात, ओल्या पानावर रुजते. तिला धो धो पाऊस लागत नाही. दोन-तीन दिवसांची झिमझिम, ढगाळ हवा आणि रात्रभर ओले राहिलेले पान एवढे तिला पुरते. फुलोऱ्याआधी घडावर गेली तर घडच हातचा जातो. पोंगा अवस्थेत आभाळ भरून राहिले तर घड जिरतो, त्याची बाळी होते. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ आणि कूज. यावरचा जुना उपाय मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण. तेही फ्रान्सच्या बोर्डो भागात याच रोगावर सापडले. डाऊनी अमेरिकेतून फ्रान्सला पोहोचली १८७८ साली आणि मिलार्दे यांनी हे मिश्रण जाहीर केले १८८५ साली. म्हणजे आमच्या जिल्ह्याचे गॅझेटियर न पडलेल्या पावसाची कथा छापत होते त्याच वर्षी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, पडलेल्या पावसाच्या रोगावर औषध निघत होते. ते औषध पुढे आमच्या गोठ्याशेजारच्या पिंपात कालवले जाईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

बदल फक्त द्राक्षाने घडवला असेही नाही. कृष्णाकाठी, कराड-वाळव्याच्या बाजूला, खरिपात सोयाबीन आले. ते हस्त-चित्रात कापणीला येते. कापून ठेवलेल्या गंजीवर पाऊस झाला, की शेंगेतच दाणा फुगतो, कोंब येतात. म्हणजे आज ऑक्टोबरात एकाच तालुक्यात तीन पंचांगे चालू असतात. शाळूवाला पाऊस मागतो, सोयाबीनवाला पंधरा दिवस उसंत मागतो आणि बागवाला चार महिने पाऊस नको म्हणतो.

या सगळ्यांची एकत्र परीक्षा २०१९ साली झाली. ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहर आणि नदीकाठ बुडाला. लोक सावरत होते तोवर ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे उठली आणि पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला. ज्यांच्या बागा फुलोऱ्यात होत्या त्यांनी रात्री ट्रॅक्टरच्या उजेडात फवारण्या केल्या. औषध मारावे आणि तासाभरात पावसाने धुऊन न्यावे, असे दिवस. चिखलात ट्रॅक्टर रुतला तर पाठीवर पंप घेऊन माणसे बागेत शिरली.

त्याच नोव्हेंबरच्या ७ तारखेला काश्मीर खोऱ्यात हंगामाआधीच जोराचा बर्फ पडला. तो जानेवारीत पडला असता तर सफरचंदाच्या झाडांना काही झाले नसते. त्यांना थंडीची गरजच असते. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाडांवर पाने होती, काही ठिकाणी फळेही होती. उघड्या फांद्यांवरून जो बर्फ घसरून गेला असता तो पानांवर साठला आणि त्याच्या भाराने फांद्या मोडल्या, झाडे मधोमध फाटली. आदल्या वर्षीही, ३ नोव्हेंबर २०१८ रोजी, तिथे हेच झाले होते. त्या बातम्यांत मोडलेल्या झाडांशेजारी उभ्या बागवानांचे फोटो होते. एक फोटो वडिलांनी बराच वेळ पाहिला आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवले. शोपियाँचा बर्फ आणि तासगावचा पाऊस यांत साम्य आहे ते एवढेच, की दोन्ही ठिकाणी किती पडले यापेक्षा केव्हा पडले याने बाग मोडली.

आता हा ‘केव्हा’ आपण मोजतो का? आपल्या परंपरेत शेतीवरच्या संकटांची सहा नावे आहेत. त्यांना ईती म्हणतात. अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि चालून येणारे राजे. फार पाऊस आहे, न पडलेला पाऊस आहे, पण चुकीच्या वेळी पडलेला पाऊस त्या यादीत नाही. अकालवृष्टी हा शब्द परंपरेला ठाऊक होता, पण तिथे तो उत्पाताच्या, अपशकुनाच्या अंगाने येतो. शेतकऱ्याच्या नुकसानीच्या यादीत तो आला नाही. आणि ते स्वाभाविकही होते. ज्या शेतात हंगामाला साजेशीच पिके असतात तिथे अवेळचे पाणी क्वचितच सर्वनाश करते.

आश्चर्य याचे, की आधुनिक सरकारी नियमही बराच काळ त्या जुन्या यादीच्याच चौकटीत राहिले. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी. डाऊनीला तेवढा पाऊस कधीच लागत नाही. रोज सात-आठ मिलिमीटर असा सहा दिवस पडला तर बाग जाते, आणि पर्जन्यमापकाच्या लेखी काही घडलेलेच नसते. २०२३ साली राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. ही चांगली सुरुवात, पण त्यातही पीक वाढीच्या कोणत्या अवस्थेत आहे याचे मोजमाप नाही. फळपीक विम्याने मात्र ‘अवेळी पाऊस’ हा शब्द घेतला आहे आणि द्राक्षासाठी तो काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून धरला आहे. म्हणजे चित्रा नक्षत्र अर्धे सरते न सरते तोच कागदावर पाऊस अवेळी ठरतो. आमच्या आजीने हे वाचले असते तर ती हसली असती की रडली असती, मला सांगता येत नाही.

आणि आभाळही स्थिर नाही. हवामान विभागाने २०२० साली गेल्या अर्धशतकाच्या नोंदींवरून मान्सूनच्या सामान्य तारखा बदलल्या. वायव्य भारतातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली, मुंबईची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा हैदराबाद बुडवून सोलापूर-सांगलीवर आला. पाऊस उशिरा परततो आहे आणि आमची छाटणी, लवकर माल काढून चांगला दर मिळवायच्या आशेने, काही गावांत सप्टेंबरात सरकली आहे. दोन्ही एकमेकांच्या अंगावर चालून येत आहेत. त्यातले एक आपल्या हाती नाही. दुसरे आहे, पण ते कर्जाच्या हप्त्याला आणि बाजाराच्या दराला बांधलेले आहे.

२०१९ च्या नोव्हेंबरात राज्यपालांनी मदत जाहीर केली. खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागेला हेक्टरी १८ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. फळबागेचे एकरी सव्वासात हजार झाले. एक एकर बाग घड बाहेर पडेपर्यंत उभी करायला किती लागतात, ते औषधाच्या दुकानाच्या उधारीच्या वहीत पाहावे. छाटणीला, विरळणीला, डिपिंगला येणाऱ्या मजूर बायकांचे तर या हिशेबात नावच नसते. बाग गेली म्हणजे त्यांचा हंगाम गेला, आणि त्यांच्या शेताचा पंचनामा होत नाही, कारण त्यांना शेत नसते.

मी बागेच्या विरोधात नाही. तिने आम्हाला १९७२ च्या भीतीतून बाहेर काढले. पण एका भीतीतून बाहेर पडताना दुसरी घरात आली, हे इतिहासाच्या नोंदीत यायला हवे. दुष्काळाची भीती सगळ्या गावाची होती. न पडलेला पाऊस सगळ्यांच्याच शेतात पडत नसे, म्हणून हादगाही सगळ्या गावाचा होता. आजची भीती बांधाबांधाला वेगळी आहे. एकाचे पाणी दुसऱ्याचा घात आहे, म्हणून गावाने मिळून मागावे असे आता आभाळाकडे काही उरलेले नाही.

वडिलांनी पुढे अर्धी बाग काढून त्या रानात शाळू केला. उरलेल्या बागेवर कर्ज काढून प्लॅस्टिकचे आच्छादन घातले. गेल्या वर्षी चित्रा नक्षत्रात पाऊस आला तेव्हा मी गावी होतो. चुलते आता थकले आहेत. ते आमच्या ओट्यावर बसून पाऊस पाहत होते. वडील शेजारी बसले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडीलच म्हणाले, “आबा, शाळूला बरं झालं.”

चुलत्यांनी बागेच्या दिशेला एकदा पाहिले आणि मान हलवली.